४के टीव्हीवर चित्र धुरकट, तुटक किंवा काळपट दिसतंय? आधी हे तपासा

दिवाळीचे सेल उरकले की ही तक्रार हमखास येते. ३२ इंची जुना टीव्ही काढून ५५ इंची ४के आणला, दुकानात चित्र लखलखीत होतं, पण घरी रोजची मालिका लावली तर सगळ्यांच्या चेहऱ्यांवर मेण फासल्यासारखं दिसतं. क्रिकेट लावलं तर चेंडूला शेपूट येतं. सिनेमातलं रात्रीचं दृश्य आलं की नुसता काळा पडदा. मग टीव्ही ‘डिफेक्टिव्ह’ ठरतो, सर्व्हिसवाला येतो, पिक्चर मोड ‘विविड’ करून निघून जातो आणि आठवड्याभरात पुन्हा फोन.

यातल्या बहुतेक टीव्हींमध्ये बिघाड नसतो. दोष एकतर येणाऱ्या सिग्नलमध्ये असतो, नाहीतर एका गोष्टीसाठी लावलेलं सेटिंग दुसरी गोष्ट बिघडवत असतं. या पडद्यांवर फुकट काहीच मिळत नाही. खरखर कमी केली तर तपशील जातो, हालचाल गुळगुळीत केली तर सिनेमा मालिकेसारखा दिसायला लागतो, काळा रंग गडद हवा असेल तर बाजूला बसलेल्याला चित्र फिकट दिसतं. म्हणून ‘सगळ्यात चांगलं सेटिंग कोणतं’ असं कुणी विचारलं की माझा उलटा प्रश्न असतो: बघता काय, बसता कुठे आणि खोलीत उजेड किती?

पहिली परीक्षा: टीव्ही की सिग्नल?

रिमोटच्या कुठल्याही सेटिंगला हात लावण्याआधी टीव्हीच्या स्वतःच्या यूट्यूब ॲपवर एखादा ४के व्हिडिओ लावा. डोंगर, शहर, पक्षी, काहीही चालेल. क्वालिटी ‘ऑटो’वर न ठेवता हाताने २१६०पी निवडा. ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ चालू केलंत तर खरोखर किती रिझोल्यूशन येतंय ते पडद्यावरच आकड्यांत दिसतं. या परीक्षेत सेट टॉप बॉक्स नाही, वायर नाही, केबलवाला नाही. चित्र स्वच्छ आलं तर टीव्ही ठीक आहे आणि भानगड बाहेर आहे. इथेही पट्टे, डाग किंवा रेघा दिसल्या तर शेवटच्या भागाकडे जा.

दहापैकी आठ घरांत चित्र स्वच्छच येतं, असा माझा अंदाज. मग मालिका तशी का दिसते?

४के पडद्यावर ३८४० गुणिले २१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख पिक्सेल असतात. साध्या एसडी (स्टँडर्ड डेफिनिशन, म्हणजे एचडीच्या आधीच्या दर्जाच्या) चॅनलचं चित्र जास्तीत जास्त ७२० गुणिले ५७६, म्हणजे सुमारे ४ लाख १५ हजार. वीसपटीचा फरक. पडद्यावरच्या दर २० पिक्सेलपैकी १९ टीव्हीने आजूबाजूचं पाहून अंदाजाने भरलेले असतात. शिवाय उपग्रहाच्या मोजक्या जागेत अनेक चॅनल कोंबायचे म्हणून प्रक्षेपणाच्या वेळीच चित्र दाबलेलं असतं. केसांच्या बटा, साडीचं काठपदर, झाडाची पानं हे सगळं तिथेच गेलेलं असतं. मूळ चित्रात नसलेली पैठणीची नक्षी कुठलाही प्रोसेसर परत आणू शकत नाही, खोक्यावर ‘एआय अपस्केलिंग’ छापलेलं असलं तरी.

जुन्या टीव्हीवर बरं का दिसायचं?

कारण तो लहान होता. चांगल्या नजरेला साधारण एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा तपशील वेगळा दिसतो असं धरतात. या हिशेबाने ३२ इंची पडद्यावरच्या एसडीच्या ओळी सुमारे २.४ मीटरवरून डोळ्याला एकमेकींत मिसळलेल्या दिसतात. ५५ इंचीवर त्याच ओळी मिसळायला ४ मीटरहून थोडं लांब बसावं लागतं. दहा बाय बाराच्या हॉलमध्ये सोफ्यावरून पडदा अडीच-तीन मीटरवर येतो. जुना टीव्ही सिग्नलचे दोष लपवत होता, नवा ते उघडे पाडतो.

हाच हिशेब उलट्या बाजूनेही करून बघा. ५५ इंचीवर फुल एचडीचे पिक्सेल सुमारे २.२ मीटरच्या पुढे वेगळे दिसत नाहीत आणि ४केचे तर १.१ मीटरच्या पुढेच. म्हणजे तीन मीटरवर बसून ५५ इंचीवर एचडी आणि ४के यांत फरक शोधणं हा बहुतांशी मनाचा खेळ आहे. एसडी आणि एचडीमधला फरक मात्र तिथून लख्ख दिसतो. म्हणून पैसे कुठे घालायचे ते मी असं सांगतो: आधी एचडी चॅनल, मग चांगलं पॅनेल, ४केचं नाव त्यानंतर. ८के या अंतरावरून दिसणारच नाही.

वायर, बॉक्स आणि चॅनलचा नंबर

टीव्हीच्या मागे वाकून बघा. सेट टॉप बॉक्स लाल-पिवळ्या-पांढऱ्या वायरींनी जोडलेला असेल तर बाकी काही तपासूच नका. त्या पिवळ्या वायरीतून एचडी जातच नाही, वर रंग एकमेकांत झिरपतात. लाल कुंकवाच्या कडेला धूसर झालर दिसते ती यामुळेच. नवा टीव्ही बसवणारा माणूस घाईत जुनीच वायर जोडून जातो, आणि घरचे पुढे दोन वर्षं तसंच बघत राहतात. एचडीएमआय केबल घ्या. बॉक्सला एचडीएमआयचं तोंडच नसेल तर तो जुना एसडी बॉक्स आहे, बदलून घ्या.

बॉक्स एचडी असूनही चित्र धुरकट? मग चॅनलचा नंबर पाहा. एचडी आणि एसडी आवृत्त्या वेगवेगळ्या नंबरांवर असतात आणि हाताला सवय जुन्या नंबराची असते. एचडीचे पैसे भरायचे आणि आईने रोज एसडीचा नंबर दाबायचा, हे फार घरांत चालतं. फेव्हरिट यादीत फक्त एचडी नंबर ठेवले की प्रश्न मिटतो. ज्या चॅनलची एचडी आवृत्तीच नाही तिथे इलाज नाही.

त्यानंतर बॉक्सचं आउटपुट. आपल्याकडची एचडी चॅनल बहुतांशी १०८०आय पद्धतीने येतात, म्हणजे सेकंदाला ५० अर्धी चित्रं, एकदा विषम ओळी, एकदा सम. ही अर्धी चित्रं कुणीतरी जोडावी लागतात. बॉक्स १०८०पीवर (म्हणजे पूर्ण चित्रं पाठवण्यावर) असेल तर तो जोडतो, १०८०आयवर असेल तर टीव्ही. स्वस्तातले बॉक्स हे काम गबाळं करतात. बातम्यांच्या खाली सरकणाऱ्या पट्टीवरची अक्षरं कंगव्यासारखी दातेरी दिसत असतील किंवा क्रिकेटच्या सीमारेषा थरथरत असतील तर बॉक्स १०८०आयवर करून बघा. काही बॉक्समध्ये ‘नेटिव्ह’ किंवा ‘ओरिजिनल’ असाही पर्याय असतो. त्यात एसडी चॅनल एसडी म्हणूनच बाहेर पडतं आणि मोठं करायचं काम टीव्हीचा प्रोसेसर करतो, बहुधा जास्त नीट. त्याची किंमत अशी की एसडीवरून एचडीवर जाताना दर वेळी पडदा एक-दोन सेकंद काळा होतो. सतत चॅनल बदलणारं कुणी घरात असेल तर हे पहिल्याच दिवशी बंद करायला लावतील.

५० आणि ६०चा घोळ इथेच निस्तरा. आपलं प्रक्षेपण ५० हर्ट्झचं, म्हणजे सेकंदाला ५० चित्रांच्या ठोक्याचं आहे. बॉक्स किंवा स्ट्रीमिंग स्टिक ६० हर्ट्झवर अडकलेली असेल तर दर पाच चित्रांमागे एक दोनदा दाखवावं लागतं, म्हणजे सेकंदाला दहा बारीक हिसके. सरकणारी पट्टी वाचताना डोळे शिणतात ते यामुळे. फायर टीव्ही स्टिकमध्ये ‘मॅच ओरिजिनल फ्रेम रेट’ आणि ॲपल टीव्हीमध्ये ‘मॅच कंटेंट’ नावाचं सेटिंग यासाठीच आहे. सगळीच ॲप त्याला दाद देत नाहीत, पण चालू ठेवायला हरकत नाही.

स्ट्रीमिंगवर चित्र धुरकट असेल तर तीन गोष्टी बघा. तुमचा प्लॅन (नेटफ्लिक्सवर ४के फक्त प्रीमियममध्ये मिळतं), वेग (४केसाठी नेटफ्लिक्स १५ एमबीपीएस सांगतं) आणि उपकरण. ऑनलाइन मिळणाऱ्या बिननावाच्या अँड्रॉइड बॉक्सना बऱ्याचदा कॉपी-संरक्षणाचं वरच्या पातळीचं प्रमाणपत्र नसतं. मग इंटरनेट कितीही वेगवान असलं तरी ॲप त्यांना एसडीच देतं. राउटर आतल्या खोलीत असेल तर टीव्ही ५ गिगाहर्ट्झच्या वायफायवर घ्या किंवा सरळ लॅनची वायर ओढा. टीव्हीचं लॅन तोंड बहुधा १०० एमबीपीएसचंच असतं, त्याची चिंता नको, ४के स्ट्रीमिंगला तेवढं पुरून उरतं.

मेणाचे चेहरे आणि पांढरी किनार

इथून पुढे रिमोट. शार्पनेस हे सगळ्यात बदनाम झालेलं बटण आहे. ते वाढवलं की तपशील वाढत नाही, कडांना किनार चढते. काळ्या अक्षराभोवती पांढरी रेघ, माणसाभोवती प्रभावळ. शून्य म्हणजे ‘किनार नाही’ असं प्रत्येक कंपनीत नसतं. सोनीत ५० हा तटस्थ आकडा आहे, सॅमसंगच्या बऱ्याच मॉडेलमध्ये ० किंवा त्याच्या आसपास. ओळखायची रीत सोपी आहे. टीव्हीच्या मेनूतली अक्षरं टीव्ही स्वतः काढतो, ती यासाठी उपयोगाची नाहीत. बॉक्सच्या मेनूतली बारीक अक्षरं समोर ठेवा आणि किनार नाहीशी होईपर्यंत शार्पनेस खाली आणा. पहिले दोन दिवस चित्र मऊ वाटेल. त्यानंतर विविड मोड बघवणार नाही.

नॉइज रिडक्शन म्हणजे खरखर कमी करणारं सेटिंग. एसडी चॅनलवर हे मध्यम ठेवलं तर चौकटी आणि मुंग्या बऱ्यापैकी दबतात. हेच ४के सिनेमावर चालू राहिलं तर फिल्मचा दाणा, कातडीची छिद्रं, खादीचा पोत सगळं पुसलं जातं आणि चेहरा मेणाचा होतो. एकाच आकड्यावर दोन्ही साधत नाही. सुदैवाने बहुतेक टीव्ही प्रत्येक इनपुटसाठी वेगळं सेटिंग लक्षात ठेवतात. सेट टॉप बॉक्सच्या इनपुटला नॉइज रिडक्शन मध्यम, टीव्हीतल्या ॲपना बंद. मेनूत ‘सगळ्या इनपुटना लागू करा’ असा पर्याय दिसला तर त्याला हात लावू नका, केलेली सगळी मेहनत एका क्लिकमध्ये जाते.

‘मी सेटिंग बदलतो, पण ते आपोआप परत विविड होतं’ असं असेल तर टीव्ही ‘स्टोअर मोड’मध्ये राहिला आहे. पहिल्यांदा चालू करताना ‘होम की स्टोअर’ असं विचारतात, तिथे कुणीतरी चुकीचं दाबलेलं असतं. मेनूत जाऊन होम करा. आणि ब्राइटनेस स्वतःहून वर-खाली होत असेल तर पॉवर सेव्हिंग, इको सेन्सर आणि ‘एआय ब्राइटनेस’ छापाचं जे काही असेल ते बंद करा. विजेचं बिल थोडं वाढेल. पण बॅकलाइट (पडद्यामागचा दिवा) तुम्ही ठरवाल तेवढा राहील.

चेंडूला शेपूट, सिनेमाला मालिकेचा रंग

सगळ्यात जास्त वाद याच सेटिंगवरून होतात. घरात क्रिकेटवाले आणि सिनेमावाले दोन्ही असतील तर भांडण ठरलेलं.

आधी शेपटाचं कारण. हे पडदे प्रत्येक चित्र पुढचं येईपर्यंत स्थिर धरून ठेवतात. ५० हर्ट्झला एक चित्र २० मिलिसेकंद अडून राहतं, तेवढ्यात आपला डोळा मात्र चेंडूमागे पुढे सरकलेला असतो. त्या फरकातून धूसरपणा येतो. त्यात पॅनेलचे पिक्सेल रंग बदलायला वेळ घेत असतील, आणि व्हीए पॅनेलवर (एलसीडी पडद्याचा एक प्रकार) गडद रंगांत तो जास्तच लागतो, तर मागे सावली ओढली जाते.

यावर कंपन्यांचा उपाय म्हणजे दोन चित्रांच्या मध्ये तिसरं चित्र कल्पनेने घालणं. सोनी त्याला मोशनफ्लो म्हणते, एलजी ट्रूमोशन, सॅमसंग पिक्चर क्लॅरिटी (जुन्या मॉडेलमध्ये ऑटो मोशन प्लस), बाकी बरेच जण नुसतं एमईएमसी. पण ५० चित्रांच्या क्रिकेटमध्ये मधली चित्रं घालायला पॅनेल १०० किंवा १२० हर्ट्झचं लागतं. ६० हर्ट्झच्या पॅनेलवर तेवढी जागाच नसते. खोक्यावर ‘मोशन रेट १२०’ लिहिलेलं असतं तो हिशेबाचा खेळ असतो. मॉडेलच्या तांत्रिक तक्त्यात पॅनेलचा खरा रिफ्रेश रेट बघा. तो ६० असेल तर क्रिकेटसाठी एमईएमसीशी झटापट करत बसू नका.

१२० हर्ट्झचा पडदा असेल तर ‘कस्टम’ निवडा. दोन आकडे दिसतील, डी-ब्लर आणि डी-जडर. साधारणपणे पहिला ५०-६० चित्रांच्या खेळासाठी असतो, दुसरा २४-२५ चित्रांच्या सिनेमासाठी. क्रिकेटला डी-ब्लर मधोमध ठेवा. पूर्ण चढवलात तर मधलं चित्र बनवताना टीव्ही चुकायला लागतो. चेंडू लहान आणि वेगवान, त्याचा माग प्रोसेसरला लागत नाही, म्हणून तो मध्येच नाहीसा होतो किंवा दोन दिसतात. बॅटच्या कडेला मैदान वितळल्यासारखं दिसतं. काही टीव्हींत दोन चित्रांच्या मध्ये काळा पडदा दाखवायचा पर्यायही असतो. हालचाल त्याने खरोखर स्वच्छ होते, पण उजेड बराच पडतो आणि ५० हर्ट्झला लुकलुक जाणवते. दुपारच्या सामन्याला गॅलरीचं दार उघडं असताना हे उपयोगाचं नाही.

सिनेमाचं गणित वेगळं. तो सेकंदाला २४ चित्रांचा. ६० हर्ट्झच्या पडद्यावर २४ बसवायला एक चित्र तीनदा, पुढचं दोनदा असं दाखवावं लागतं. कॅमेरा आडवा फिरला की हे असमान ठोके दिसतात. डी-जडर वाढवलं तर ते जातात, पण सोबत सिनेमाचा सिनेमापणाही जातो. भव्य सेट नाटकाच्या नेपथ्यासारखे दिसायला लागतात. डिसेंबर २०१८ मध्ये टॉम क्रूझ आणि दिग्दर्शक ख्रिस्तोफर मॅक्वॉरी यांनी ‘घरी सिनेमा बघताना हे बंद करा’ अशी विनंती करणारा व्हिडिओच काढला होता. पुढच्या वर्षी यूएचडी अलायन्स या टीव्ही कंपन्या आणि स्टुडिओंच्या संघटनेने ‘फिल्ममेकर मोड’ आणला. त्यात हे सगळं एका बटणात बंद होतं आणि रंगही दिग्दर्शकाने ठरवलेल्या तापमानाजवळ येतात. तुमच्या टीव्हीत तो असेल तर रात्रीच्या सिनेमाला तोच लावा. पांढरा रंग सुरुवातीला पिवळसर वाटेल. दुकानातल्या निळसर पांढऱ्याची डोळ्याला सवय झालेली असते, दुसरं काही नाही.

ओएलईडी (मागे दिवा नसलेला, प्रत्येक पिक्सेल स्वतः पेटणारा पडदा) घेतलेल्यांची तक्रार वेगळीच असते: ‘एवढा महाग टीव्ही, तरी सिनेमा धक्के खात चालतो.’ एलसीडीचे, म्हणजे मागून दिवा लागणाऱ्या नेहमीच्या पडद्याचे पिक्सेल संथ असल्याने एका चित्रातून दुसऱ्यात जाताना थोडं मिसळतात, त्यामुळे २४ चित्रांचे ठोके बोथट होतात. ओएलईडीचा पिक्सेल जवळजवळ तत्क्षणी बदलतो, म्हणून प्रत्येक ठोका धारदार. चेंडूसाठी वरदान, सिनेमातल्या संथ आडव्या हालचालीला शाप. डी-जडर एक-दोनवर ठेवा, त्यापुढे नको.

एचडीआर लावलं की अंधार

‘एचडीआर बंद असताना चित्र उजळ होतं, चालू केलं तर काळोख.’ हा टीव्ही खराब असल्याचा पुरावा म्हणून मला दाखवतात. खरं तर स्वस्त टीव्ही एचडीआरशी (उजेड आणि अंधार यांतला जास्त मोठा फरक दाखवणाऱ्या चित्राशी) असाच वागतो.

पडद्याचा उजेड निट्समध्ये मोजतात, आणि साधं चित्र सुमारे १०० निट्सच्या उजेडासाठी तयार करतात. टीव्ही ३०० निट्स देत असेल तर तुम्ही ते तिप्पट उजळ करून बघत असता आणि तेच नॉर्मल वाटतं. एचडीआरमध्ये तसं नसतं. त्याच्या मोजपट्टीवर प्रत्येक आकड्याला निश्चित उजेड ठरलेला असतो. मोजपट्टी १०,००० निट्सपर्यंत जाते आणि बरेच सिनेमे १००० निट्सपर्यंत रंगवलेले असतात. ३०० निट्सच्या टीव्हीला हा सगळा उजेड आपल्या चिमुकल्या पेल्यात मावेल असा आकसावा लागतो. ढगांतला तपशील वाचवायचा तर माणसांचे चेहरे खाली जातात. चेहरे उजळ ठेवायचे तर ढग पांढरेफटक. आणि बॅकलाइट एचडीआरमध्ये आधीच शंभरावर असतो, म्हणून तो वाढवायलाही जागा नाही. खोक्यावरच्या ‘एचडीआर१० सपोर्ट’चा अर्थ फक्त ‘हा सिग्नल मला समजतो’ एवढाच.

उपाय आहेत. पॉवर सेव्हिंग आणि लाइट सेन्सर बंद. ‘डायनॅमिक टोन मॅपिंग’ किंवा तत्सम नावाचं काही असेल तर चालू, म्हणजे टीव्ही दर दृश्याला उजेडाची नवी वाटणी करतो. दिग्दर्शकाने मुद्दाम काळोखा ठेवलेला प्रसंगही त्यात थोडा उजळतो, ती त्याची किंमत. डॉल्बी व्हिजनमध्ये (हा एचडीआरचाच एक प्रकार) ब्राइट आणि डार्क असे दोन प्रकार दिसले तर दिवसा ब्राइट. पडदे ओढा, ट्यूबलाइट बंद करा. एवढं करूनही अंधार हटला नाही तर उपकरणातच एचडीआर बंद करा. त्यात कमीपणा काही नाही. २५०-३०० निट्सच्या टीव्हीवर चांगलं साधं चित्र कोंदट एचडीआरपेक्षा हजारदा बरं.

फायर टीव्ही स्टिकवर डायनॅमिक रेंज ‘ऑलवेज एचडीआर’ असेल तर जुनी मालिकाही एचडीआरच्या वेषात बाहेर पडते आणि रंग विचित्र होतात. ‘अडॅप्टिव्ह’ करा.

बाहेरून जोडलेल्या उपकरणावर एचडीआरचा पर्यायच येत नसेल तर टीव्हीच्या त्या एचडीएमआय तोंडाचा पूर्ण वेग उघडलेला नाही. सॅमसंगमध्ये ‘इनपुट सिग्नल प्लस’, एलजीत ‘अल्ट्रा एचडी डीप कलर’, सोनीत ‘एन्हान्स्ड फॉरमॅट’. चालू केल्यावर सेकंदाला १८ गिगाबिट जायला वाट मिळते. मात्र त्याच तोंडाला जुना सेट टॉप बॉक्स लावला तर काही वेळा पडदा कोराच राहतो. बॉक्सचं तोंड साध्यावर ठेवा, स्टिकचं किंवा गेमिंग कन्सोलचं उघडा. मध्येच क्षणभर पडदा काळा होणं किंवा पांढरे ठिपके चमकणं म्हणजे केबल दमते आहे. ‘प्रीमियम हाय स्पीड’ लिहिलेली, शक्य तितकी आखूड केबल घ्या. सोन्याच्या मुलाम्याचे पैसे देऊ नका.

काळा रंग राखाडी आणि सगळं चित्र धुक्यात असल्यासारखं वाटत असेल तर ‘एचडीएमआय ब्लॅक लेव्हल’ पाहा. बॉक्स किंवा लॅपटॉप एका मोजपट्टीवर पाठवतो आणि टीव्ही दुसरीवर वाचतो, तेव्हा असं होतं. उलट झालं तर सावल्यांत काहीच दिसत नाही, काळी दाढी आणि काळा कोट एक होतात. दोन्ही टोकांना ‘ऑटो’ करा, नाहीतर दोन्हीकडे ‘लिमिटेड’.

जे रिमोटने सुटत नाही

काळा रंग फिकाच राहतो? पॅनेल आयपीएस (एलसीडीचाच दुसरा प्रकार) असणार. त्याचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे पांढऱ्या आणि काळ्यातल्या उजेडाचं प्रमाण, हजारास एकच्या आसपास असतो, तर व्हीएचा तीन ते सहा हजारांस एक. पण व्हीएसमोर सरळ बसावं लागतं. बाजूच्या दिवाणावरून बघणाऱ्याला रंग उडालेले दिसतात. हॉल लांबट आणि माणसं चारी बाजूंना असतील तर आयपीएसचा राखाडी काळा सोसलेला बरा. दोघंच समोर बसून रात्री बघत असाल तर व्हीए.

लोकल डिमिंग (मागचे दिवे विभागवार मंद करायची सोय) असलेल्या टीव्हीवर काळ्या पट्टीतल्या पांढऱ्या सबटायटलभोवती धुकं दिसतं. मागच्या दिव्यांचे विभाग मोजके, त्यामुळे अक्षरासाठी दिवा पेटला की शेजारचा काळाही उजळतो. डिमिंग ‘हाय’वर धुकं जास्त पण काळा गडद, ‘लो’वर उलट. सबटायटल लावून बघणाऱ्यांना मी ‘मीडियम’ सांगतो आणि अक्षरांचा रंग पांढऱ्याऐवजी करडा करायला सांगतो.

ओएलईडीवर धुकं नाही, बाजूने बघायची अडचण नाही. पण दिवसभर एकच न्यूज चॅनल चालणाऱ्या घरात मी ते सुचवणार नाही. कोपऱ्यातला लोगो आणि खालची लाल पट्टी कालांतराने पडद्यावर कायमची उमटू शकते. ज्यांच्याकडे ओएलईडी आहे त्यांनी एक सवय मोडावी, ती म्हणजे रात्री भिंतीवरचं बटण बंद करणं. पिक्सेलची झीज सावरणारी छोटी दुरुस्ती टीव्ही स्टँडबायमध्ये असतानाच होते. एलजीच्या ओएलईडीमध्ये साधारण चार तास वापर झाला की ती पुढच्या वेळी रिमोटने बंद केल्यावर चालते. मेन बटण बंद केलंत तर ती होतच नाही. रिमोटने बंद करा, मेन चालू ठेवा, वादळी पावसात तेवढं काढा.

सर्व्हिसवाल्याला कधी बोलवायचं

उभी रंगीत रेघ, कायम काळा किंवा कायम पेटलेला पिक्सेल, एका कोपऱ्यात पसरलेला पिवळट डाग, बॅकलाइटचा एक भाग मेलेला: हे खरे दोष. क्रिकेटमध्ये कॅमेरा हिरव्या मैदानावरून फिरताना उभे मळकट पट्टे सरकताना दिसतात, ते मात्र वादाचं प्रकरण. बॅकलाइट सगळीकडे सारखा नसल्याने ते येतात, थोडेफार जवळजवळ प्रत्येक एलसीडीत असतात आणि कंपनी ‘मर्यादेत आहे’ म्हणून हात झटकते.

म्हणून हे परतीची मुदत संपायच्या आत तपासा, दिवाळीचे पाहुणे गेल्यावर नव्हे. यूट्यूबवर एकसारख्या राखाडी रंगाचा पडदा शोधून लावा. खोलीत अंधार करा, पिक्चर मोड सिनेमा, मोशन आणि डिमिंग बंद. तीन मीटरवरून, म्हणजे तुम्ही एरवी बसता तिथूनच, बघा. पट्टे तिथून दिसले तर मोबाइलवर सरळ समोरून फोटो काढा, मग तोच पडदा हिरव्या रंगात लावून पुन्हा काढा. बिलाचा आणि मागच्या स्टिकरवरच्या मॉडेल नंबराचा फोटोही सोबत ठेवा. तक्रार नोंदवताना ‘क्वालिटी खराब आहे’ असं लिहू नका. ‘टीव्हीच्या स्वतःच्या ॲपवर, कुठलंही बाहेरचं उपकरण न जोडता, डावीकडून अमुक अंतरावर उभा पट्टा दिसतो’ असं लिहा, म्हणजे पहिल्याच फोनवर ‘सर, केबलचा प्रॉब्लेम असेल’ हे उत्तर देता येणार नाही.